पोफळ धरेपर्यंत

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, आणि संध्याकाळी नागावच्या वाड्यांमधून आभाळ दिसायला लागलं. ज्यांनी हे गाव आधी पाहिलं आहे त्यांना या वाक्यातलं दुःख वेगळं सांगायला नको. अष्टागरातल्या या पट्ट्यात वाडी म्हणजे एकाखाली एक घातलेली छपरं. सगळ्यात वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीखाली केळी, अळू, कुठे पोफळीवर चढवलेला मिरवेल. भर वैशाखातही ऊन जमिनीला टेकेपर्यंत निवून जातं. त्या दिवशी वरचं छप्पर उडालं आणि मधलं मोडलं. सासऱ्यांनी लावलेली पोफळीची एक अख्खी ओळ माझ्या वाडीत एका अंगावर निजली होती.

पाऊस सुरू झाला तशी मदत आली. पत्रे आले, ताडपत्र्या आल्या, धान्याची पाकिटं आली आणि जुलैत रोपं आली. एका संस्थेने टेम्पो भरून पोफळीची रोपं आणली. रांग लागली, सह्या झाल्या, फोटो निघाले. मलाही चाळीस रोपं मिळाली. पुढच्या वार्षिक अहवालात किती गावांत किती रोपं वाटली याचा आकडा छापून आला. तो आकडा खरा होता. त्यात माझी स्वतःची सही होती.

पण पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही. पहिली काही वर्षं त्याला सावली लागते. पश्चिमेचं ऊन सरळ खोडावर आलं तर खोड करपतं. म्हणून इथे पूर्वापार आधी केळ लावतात आणि केळीच्या आडोशाने पोफळ वाढवतात. वादळाने आमची सावलीच नेली होती. ज्यांनी रोपं उघड्यावर लावली त्यांची पहिल्याच उन्हाळ्यात गेली. ज्यांच्या विहिरीवरचा पंप वादळात निकामी झाला होता त्यांची शिंपण्यावाचून गेली. माझ्या चाळिसांतली अकरा उरली. तीही उरली ती शेजारच्या सत्तरीच्या काकूंनी दम देऊन मला आधी केळीचे मुनवे लावायला लावले म्हणून. आम्हाला रोपं हवी होतीच, पण त्याआधी सावली हवी होती. अहवालात हे वाक्य बसायला जागा नव्हती, कारण तिथे सावलीचा रकाना नव्हता.

या पुस्तकाची प्रस्तावना लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा ती अकरा झाडं आठवली. समाजाचं एखादं काम हाती घेऊन जे धंदा करतात, आणि धंदा करताना ते काम सोडत नाहीत, अशा संस्थांच्या कार्यकर्त्यांनी यापुढची पानं लिहिली आहेत. आजकाल अशा संस्थेला सोशल एंटरप्राइझ किंवा सामाजिक उद्योग म्हणतात. प्रत्येकाला प्रश्न एकच विचारला आहे : तुमचं काम साधलं हे तुम्ही कशावरून ओळखता? मी सहकारी बँकेत तीस वर्षं हिशेब लिहिले आणि तपासले, निवृत्तीनंतर गावातल्या बायकांच्या गटांची दप्तरं पाहते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं. मी विद्वान नाही. पण आकडा कुठे खरा असून उपयोगाचा नसतो, ते मी पुष्कळ जवळून पाहिलं आहे.

सुरुवात नफ्याच्या बाजूने करते, कारण समाजकार्याच्या वर्तुळात नफ्याला नाकं मुरडायची पद्धत आहे आणि ती मला मान्य नाही. नफ्याचा एक मोठा गुण असा की त्याला कोणाची भीड नसते. संध्याकाळी गल्ला उघडला की त्यात जे आहे ते आहे. दिवसभर आपण किती राबलो, आपला हेतू किती चांगला होता, गिऱ्हाईक किती गोड बोलून गेलं, यातलं काहीही गल्ला ऐकून घेत नाही. तो नाही म्हणू शकतो, आणि त्याचं नाही दुसऱ्याच दिवशी ऐकावं लागतं. समाजकार्याची बहुतेक मापं अशी नसतात. किती शिबिरं घेतली, किती बायका आल्या, किती रोपं वाटली हे आकडे दर वर्षी वाढतातच. कामात कुठे चुकतं आहे ते या मापांतून कधी कळत नाही, कारण नाही म्हणायची सोयच त्यांत ठेवलेली नसते.

म्हणून नफ्यापलीकडचं माप शोधायचं तर ते नफ्याहून सैल असून चालणार नाही. ते गल्ल्याइतकंच कडक हवं, एवढी एकच गोष्ट मला या प्रस्तावनेत सांगायची आहे. पुढे जे लिहिते आहे ते असं कडक माप लोकांनी कुठे आणि कसं घडवलं त्याबद्दल.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्या दिवशी चार पाकिटं झाली. लिज्जतची ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि बहुतेक वेळा ती उलाढालीच्या आकड्यावर, कोट्यवधींच्या कौतुकावर संपते. मला त्यातला पहिला पावसाळा महत्त्वाचा वाटतो. पावसात पापड वाळेनात, काम थांबलं, बायका घरी बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा. नुसत्या नफ्याचा विचार असता तर आठ महिने काम आणि चार महिने सुट्टी हे गणित वाईट नव्हतं. पण लाटणाऱ्या बाईची चूल बाराही महिने पेटते. तिचा पावसाळा कोरडा गेला तर संस्थेचं वर्ष कितीही चांगलं गेलं असलं तरी ते चांगलं नव्हे, असं त्या सातजणींना वाटलं असावं. खाट आणि स्टोव्ह त्या वाटण्यातून आले.

देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. नफा आणि तोटा दोन्ही भगिनींनी वाटून घ्यायचा. पीठ शाखेतून न्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे आणि लाटण्याची मजुरी, जिला तिथे वणाई म्हणतात, ती घ्यायची. पापड लाटणारी यंत्रं बाजारात आली तरी संस्थेने लाटणं बायकांच्या हातातच ठेवलं. आज तिथे सुमारे ४५ हजार भगिनी आहेत. माझ्या मते लिज्जतचं खरं माप या यंत्राच्या निर्णयात आहे. पापड जास्त निघणं आणि पोळपाटापाशी बसलेल्या बायका जास्त असणं यांतून एकच निवडायचं झालं तर काय निवडाल, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. ज्या संस्थेकडे असं उत्तर तयार नसतं तिची मापं पहिल्या अडचणीत वाकतात.

मापं कशी वाकतात हे आम्ही बँकवाल्यांनी २०१० साली पाहिलं. त्या काळात गरीब बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या संस्थांचं मोठं कौतुक होतं आणि त्या कौतुकाच्या मुळाशी एक आकडा होता : परतफेड ९८ टक्के, ९९ टक्के. ज्यांना बँका दारात उभं करत नव्हत्या त्या बायका बड्या उद्योगपतींपेक्षा चोख निघाल्या, याचा मलाही अभिमान वाटत असे. ऑगस्ट २०१० मध्ये अशाच एका मोठ्या कंपनीचे शेअर बाजारात आले आणि त्यांना भरघोस मागणी आली. दोनच महिन्यांत आंध्र प्रदेश सरकारला वटहुकूम काढून हा सगळा धंदा आवरावा लागला, कारण कर्जाच्या जाचाने माणसं आत्महत्या करत होती. परतफेडीचा आकडा खोटा नव्हता. हप्ता खरोखरच भरला जात होता. तो कशातून भरला जातो, दुसऱ्या संस्थेचं कर्ज काढून, भांडी विकून की मंगळसूत्र गहाण टाकून, हे विचारणारा रकाना नव्हता. गटातल्या एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसत, आणि त्या बसण्याला कागदावर गटाची एकजूट म्हणत.

मी त्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या काही गटांची पुस्तकं पुन्हा काढून पाहिली. एका बाईचे सगळे हप्ते वेळेवर होते. तिला भेटून विचारलं तेव्हा कळलं की दर महिन्याच्या पाच तारखेला ती भावाकडून पैसे आणत होती आणि वीस तारखेला परत करत होती. दोन वर्षं. माझ्या पुस्तकात ती उत्तम कर्जदार होती. ते पान मी आजही विसरलेले नाही.

आता गडचिरोलीकडे जाते. गडचिरोलीतलं काम धंद्याचं नाही, आरोग्याचं आहे. पण यश मोजावं कसं हे महाराष्ट्रात जर कोणी डोळ्यांत तेल घालून शिकवलं असेल तर ते डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने, असं मी मानते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते तिथे गेले. दवाखाना काढला असता आणि दर वर्षी किती रुग्ण तपासले ते छापलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी आधी गावागावांतले जन्म आणि मृत्यू मोजायला घेतले. एखादं मूल जन्मलं आणि बारशाच्या आधीच गेलं तर सरकारी वहीत ते जन्मलंही नव्हतं आणि मेलंही नव्हतं. १९८८ साली त्यांच्या मोजणीत हजार जन्मांमागे १२१ बालकं पहिला वाढदिवस पाहत नव्हती.

मग न्यूमोनियाचं काम. तान्ह्या मुलाचा श्वास मिनिटाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त चालला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पण गावात मुलाजवळ असते ती सुईण, आणि तिला साठापर्यंत मोजता येत नाही. तिच्यासाठी त्यांनी एक साधन केलं : एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर औषध द्यायचं. माप कसं असावं याचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही. ज्या हाताला निर्णय घ्यायचा आहे त्या हातात मावणारं, आणि हो किंवा नाही हे तिथल्या तिथे सांगणारं.

नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग त्यांनी १९९३ पासून केला तेव्हा ३९ गावांत काम आणि ४७ गावांत फक्त नोंद अशी आखणी होती. वाचकांनी इथे थोडं थांबावं. आपलं काम चाललेल्या गावांत बालमृत्यू कमी झाले, एवढं दाखवणं सोपं असतं. कदाचित रस्ता झाला म्हणून कमी झाले असतील, कदाचित पीक चांगलं आलं म्हणून. शेजारच्या ४७ गावांत आपण नसताना काय होतं आहे हे त्याच काटेकोरपणे मोजायचं म्हणजे स्वतःच्या कामाला नापास होण्याची संधी देणं. आपल्या गावांत आणि त्या ४७ गावांत फरक निघाला नसता तर वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली असं जगासमोर कबूल करावं लागलं असतं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : काम नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांनी घरोघर जाऊन हे केलं होतं. त्याच धर्तीची घरभेटीची पद्धत पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली.

सगळ्यांना असा प्रयोग करता येणार नाही, हे मला कळतं. चार बायकांच्या लोणच्याच्या गटाने शेजारच्या गावाची तुलनात्मक पाहणी करावी असं मी म्हणत नाही. पण आपण नसतो तर काय झालं असतं, हा प्रश्न लोणच्याच्या गटालाही विचारता येतो, आणि विचारल्यावर कधी कधी घाम फुटतो.

मोजायचं कोणी, हा पुढचा प्रश्न. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी परवान्यासाठी पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बायका शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. त्या वेळी त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनाच सांगितलं की कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला तोंडी काढायला सांगा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय तेच करू द्या. बँकेची पात्रता सहीवरून ठरते की व्याज कळण्यावरून, असा तो साधा वाद होता. माप कोणतं हे ठरवायचा अधिकार त्या मागत होत्या, आणि तो त्यांनी मिळवला.

त्याच बँकेची २०१२ च्या दुष्काळातली गोष्ट माझ्यासारख्या बँकेतल्या बाईला अस्वस्थ करून जाते. जनावरांच्या चाऱ्यासाठी सोनं गहाण ठेवायला एक बाई आली. सोनं तारण हे कुठल्याही बँकेचं सगळ्यात सुरक्षित कर्ज. फॉर्म भरायचा, सोनं तोलायचं, पैसे द्यायचे. वसुलीची काळजी नाही. पण तिने विचारलं की पैसे घेऊन मी करू काय, चारा आणि पाणी आहे कुठे? बँक चालवणाऱ्यांनी मग जनावरांची छावणी उघडली. ताळेबंदात छावणी कुठे धरायची? ती कर्जही नाही आणि ठेवही नाही. तरीही त्या वर्षी माणदेशात ती बँक यशस्वी झाली की नाही, हे गोठ्यात जनावरं उरली की नाही यावरूनच ठरणार होतं. कर्जाच्या आकड्याने त्या वर्षी फसवलं असतं, कारण दुष्काळ जितका कडक तितकं सोनं तारण जास्त.

पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने केलेली मोजणी मला आणखी वेगळ्या कारणासाठी आवडते. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. आपण रोज किती कचरा वेचतो, त्यामुळे तो वाहून नेण्याचा महापालिकेचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब मांडून कार्यकर्ते आणि कचरावेचक पालिकेशी बोलले. पुढे त्यातूनच स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था आली आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं काम त्यांच्या हाती आलं. ज्यांना आजवर दुसरेच मोजत होते त्यांनी आपलं माप स्वतः काढलं आणि ते टेबलावर ठेवून भाव केला.

आपलं माप आपण ठरवणं आमच्या तालुक्याला नवं नाही. चरी इथून फार लांब नाही. १९३३ पासून सहा वर्षं तिथल्या आणि आसपासच्या अशा २५ गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि पाळलं. सहा वर्षं शेतं पडीक. माणसांनी लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली. त्या वर्षांचा जमाखर्च मांडला तर दर वर्षी तोटाच, आणि मधल्या कुठल्याही वर्षी कोणी मूल्यमापन करायला आलं असतं तर संप सोडा असंच म्हणालं असतं. १९३९ च्या कुळकायद्याने कुळाला संरक्षण मिळालं ते सहाव्या वर्षी. कधी मोजायचं, हा कशाने मोजायचं याइतकाच मोठा प्रश्न आहे असं मला वाटतं ते चरीमुळे.

कधी मोजायचं हे हल्ली मार्च महिना ठरवतो. मोठ्या कंपन्यांनी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत अशी तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्याने झाली. ती चांगली आहे, तिच्यामुळे गावात शाळेच्या खोल्या आणि पाण्याच्या टाक्या आल्या. मोठ्या प्रकल्पांच्या परिणामाचं मूल्यमापनही २०२१ पासून सक्तीचं झालं. सेबीने सामाजिक शेअर बाजाराचे नियम केले आहेत, तिथे नोंदलेल्या संस्थेला दर वर्षी परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. दिशा बरोबर आहे. पण पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि प्रकल्प तीन वर्षांचा असतो. तीन वर्षांत रोपाशिवाय दुसरं मोजण्यासारखं काही हाताला लागत नाही, म्हणून रोपं मोजली जातात. कार्यकर्त्यांना दोष द्यायला मन होत नाही. या पुस्तकात एका कार्यकर्तीने लिहिलं आहे की तिच्या आठवड्यातले दोन दिवस टॅबवर माहिती भरण्यात जातात, आणि ते दोन दिवस ती पूर्वी पाड्यावर असायची. मोजणी कामाच्या वेळेतूनच कापून घेतलेली असते, हे मोजणी मागणाऱ्याने लक्षात ठेवावं.

इथे जवळच आक्षीला मराठीतला फार जुना शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं त्याचं साल वाचलं जातं. देवीसाठी नऊ कुवली धान्य देण्याची त्यात नोंद आहे. हजार वर्षांपूर्वी आमच्या भाषेत दगडावर जे कोरून ठेवावंसं वाटलं त्यात दान आहे आणि त्याचं माप आहे. दिलेलं लिहून ठेवायची माणसाची सवय इतकी जुनी आहे, आणि मी तिचा अनादर करत नाही. फक्त घेणाऱ्याच्या बाजूची नोंद दगडावर क्वचितच सापडते. ती शोधायला दुसरीकडे जावं लागतं.

मला ती एका स्वयंपाकघरात सापडली. आमच्याकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात. गावातल्या काही बायका मिळून त्यांच्यासाठी जेवण करतात : तांदळाची भाकरी, तळलेली मासळी, सोलकढी, सणाला मोदक. त्यांची वही मी लिहिते. तिसऱ्या वर्षी नफा दुपटीवर गेला आणि मी खुशीत त्यांना तो वाचून दाखवला. त्यातल्या एकीने काही न बोलता भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं. दुधाचा हिशेब जसा आपण कॅलेंडरवर लिहितो तसा तिने आणखी एक हिशेब लिहिला होता. ज्या दिवशी कोणाकडून हातउसने घ्यावे लागले त्या तारखेवर एक छोटा ‘उ’. आदल्या दोन वर्षांची कॅलेंडरं तिने ठेवली होती, तीही आणली. ऑक्टोबर ते मे ही पानं वर्षागणिक स्वच्छ होत गेली होती. जून, जुलै, ऑगस्ट तिन्ही वर्षं सारखेच भरलेले. उलट तिसऱ्या वर्षी थोडे जास्तच, कारण हाती पैसा येतो म्हणून मुलीला अलिबागला क्लास लावला होता आणि फी पावसाळ्यात भरायची होती.

माझ्या वहीने हो म्हटलं होतं, तिच्या कॅलेंडरने नाही म्हटलं. आम्ही त्या संध्याकाळी बराच वेळ बसलो. मी नफा वाटून टाका म्हणत होते, त्या म्हणाल्या की हाती आलेला पैसा मेपर्यंत उरत नाही. शेवटी असं ठरलं की दर आठवड्याच्या कमाईतून ठरावीक वाटा बाजूला काढायचा आणि तो जूनच्या पहिल्या आठवड्यातच उघडायचा. त्याला त्यांनी बेगमी असं नाव दिलं. सुकी मासळी, तांदूळ, मीठ-मिरची जशी पावसाळ्यासाठी भरून ठेवतात तशी पैशाची बेगमी. वाटून घ्यायचा नफा त्या वर्षी कमी दिसला. बाहेरच्या कोणी वही पाहिली असती तर गट मागे पडला असं वाटलं असतं. पुढच्या ऑगस्टचं पान मला तिने दाखवलं तेव्हा त्यावर ‘उ’ चारच होते. चार उरले, ते का उरले यावर पुढच्या बैठकीत बोलणं झालं. एक दवाखान्याचा होता. त्यावर बेगमी पुरणार नाही, दुसरा काही उपाय हवा, आणि तो अजून आम्हाला सापडलेला नाही.

या पुस्तकातले सगळे लेख अशा कॅलेंडरपर्यंत पोचलेले नाहीत. काही अजून शिबिरांच्या आकड्यांत आहेत, आणि संपादकांनी ते तसेच ठेवले हे मला पटलं. दोन लेख मात्र वाचकांनी आवर्जून आधी वाचावेत. एकात भात गिरणी चालवणाऱ्या गटाने आपलं काम बंद का केलं ते लिहिलं आहे. गावात दुसऱ्यानेही रास्त दराने गिरणी सुरू केली, आता आपली गरज उरली नाही, असं त्यांना मोजल्यावर दिसलं. दुसऱ्यात एका कार्यकर्त्याने पाच वर्षांपूर्वी ज्यांना शिवणयंत्रं दिली त्या घरांत परत जाऊन पाहिलं आहे. यंत्रं कुठे आहेत, कोण चालवतं, कुठल्या यंत्रावर कपड्यांचा ढीग आहे आणि कुठलं विकलं गेलं, एकेका घराचं लिहिलं आहे. हा लेख लिहायला त्याला पगारी सुट्टी मिळाली नव्हती. वर्षभर रविवारी फिरून त्याने ते केलं.

माझ्या वाडीतल्या अकरा पोफळींची उंची आता माझ्या दुप्पट झाली आहे. केळी मध्ये मध्ये काढून टाकल्या, काही काकूंनी नेल्या. रोपं वाटणाऱ्या त्या संस्थेला मी मध्यंतरी पत्र लिहिलं. झाडं बघायला या, जिथे मेली ती आळीही दाखवीन, पंप कोणाचे गेले होते त्यांची नावं काढून ठेवली आहेत, आणि केळीचे मुनवे पाठवायचे झाले तर कुठल्या महिन्यात पाठवावेत तेही लिहिलं आहे. उत्तर यायचं आहे.

नागाव, ता. अलिबाग